नाताळच्या सुट्टीत बाख: सहा भाग, सहा दिवस, ज्याचा त्याचा दिवस

काळी चार | १९ डिसेंबर २०२१, रात्री १०:४२

मुलांना सुट्टी लागली, ऑफिसातली निम्मी मंडळी रजेवर आहेत आणि बाहेरगावी जावं तर कोरोनाच्या नव्या व्हेरियंटच्या बातम्या. घरीच असणाऱ्यांसाठी एक सुचवते. २५ डिसेंबर ते ६ जानेवारी या दिवसांत जमतील तेवढ्यांनी मिळून जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखचा ख्रिसमस ओराटोरिओ, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदानं सांगितलेली येशूजन्माची कथा, ऐकूया. मात्र एका बैठकीत नाही. जो भाग ज्या दिवसासाठी लिहिलाय, तो त्याच दिवशी.

आमच्याकडे बाबांनी आणलेला कॅसेटचा संच होता. वृंदसंचालक कार्ल रिख्टरनं म्युनिकमध्ये १९६५ साली केलेलं ध्वनिमुद्रण. नाताळच्या दिवशी बाबा सकाळी पहिली कॅसेट लावायचे आणि जेवणापर्यंत सगळ्या संपवायचे. अडीच तासांचा ऐवज. पहिला भाग मी जीव लावून ऐकायचे, दुसऱ्यात डोळे मिटायचे आणि चौथ्यापर्यंत कान भरून जायचे. बरीच वर्षं मला वाटत होतं की शेवटचे भाग पडेल आहेत. दोष माझ्या ऐकण्यात होता. हे एका बैठकीचं संगीतच नाही.

लायप्झिगला १७३४ साली बाखनं हे सहा स्वतंत्र भाग सहा दिवसांच्या उपासनांसाठी रचले. नाताळचे तीन दिवस २५, २६ आणि २७ डिसेंबर, मग १ जानेवारी, मग नव्या वर्षानंतरचा रविवार, आणि शेवटी ६ जानेवारी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांच्या दर्शनाचा सण. गावात मुख्य चर्च दोन, संत निकोलसचं आणि संत थॉमसचं. पहिला, दुसरा, चौथा आणि सहावा भाग सकाळी एका चर्चमध्ये आणि दुपारी दुसऱ्यात झाला. उरलेले दोन फक्त निकोलसमध्ये.

यंदाच का, तर वार जुळलेत. १७३४ चा २५ डिसेंबर शनिवारी होता, यंदाचाही शनिवारी आहे. त्यामुळे नव्या वर्षानंतरचा रविवार तेव्हा २ तारखेला होता, तसाच आता आहे.

कीर्तन ऐकलेल्या माणसाला याची मांडणी समजावून सांगावी लागत नाही. एक निवेदक बायबलमधली कथा पुढे नेतो. मध्येच कथा थांबते आणि एकेकटे गायक त्या प्रसंगावर मनन करणारी पदं गातात. अधूनमधून चर्चमधल्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ असलेली चाल येते, तिला कोराल म्हणतात. आपल्याकडे आख्यानाच्या मध्ये ओळखीचा अभंग येतो आणि बसलेल्यांचे ओठ हलायला लागतात, तशी.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी. लायप्झिगमध्ये नाताळच्या आधीच्या आगमनकाळात पहिला रविवार सोडला तर चर्चमध्ये वाद्यमेळाचं असं संगीत बंद असे. तीन रविवार काही नाही. आणि मग २५ ला पहाटेच्या अंधारात एकट्या टिंपनीचे, म्हणजे त्यांच्या नगाऱ्याचे, ठोके! आपल्याकडे भैरव दुपारी तीन वाजता लावला तरी सूर तेच असतात, पण पहाटे ऐकलेला भैरव अंगात उतरतो तसा तो उतरत नाही. मला तसंच इथे वाटतं. म्हणून उद्यापासून मी गाणं ऐकणार नाही. २५ ला सकाळी सातला सुरुवात.

कोण कोण येतंय?

विलंबित | १९ डिसेंबर, रात्री ११:१५

मी येतो. पाश्चात्त्य संगीतात माझी गती बेताची आहे, चालेल ना? कुठलं ध्वनिमुद्रण ऐकू?

काळी चार | २० डिसेंबर, सकाळी ८:०३

चालेल काय, हवेच आहात. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं जॉन एलियट गार्डिनरचं १९८७ चं घ्यावं. लय तरतरीत आहे आणि वाद्यं बाखच्या काळातल्या बनावटीची. मसाकी सुझुकीनं जपानी वृंदाबरोबर केलेलंही फार सुंदर आहे, स्वच्छ पाण्यासारखं. मी स्वतः रिख्टरच ऐकणार. त्यात निवेदक फ्रिट्झ वुंडरलिख आहे. पुढच्याच वर्षी, १९६६ साली, छत्तिशी गाठायच्या आत तो गेला. तो नुसतं 'आणि असं झालं की' म्हणतो तरी मला हातातलं काम ठेवावं लागतं.

बर्फाळ | २० डिसेंबर, दुपारी १:३०

धागा बघून राहवलं नाही. मी श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहते आणि आमच्या चर्चच्या हौशी वृंदात आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, गाते. यंदा पहिले तीन भाग गाणार होतो. सप्टेंबरपासून दर मंगळवारी सराव, दोन-दोन मीटर अंतरावर खुर्च्या, खिडक्या सताड उघड्या, अंगात कोट. गेल्या आठवड्यात मैफल रद्द झाली. वही अजून पिशवीतच आहे, बाहेर काढायचं मन होत नव्हतं.

२५ ला काय ऐकायचं त्याची आतली गोष्ट सांगते. टिंपनीनंतर सगळा वृंद एकत्र शिरतो आणि एकाच सुरात, खालच्या पट्टीत शिरतो. वरच्या आवाजात गाणाऱ्या सोप्रानोवाल्या दरवर्षी कुरकुरतात, इतकं खाली आम्ही गायचं कसं? कारण ऐका. ही चाल बाखनं मुळात या कामासाठी केलेलीच नव्हती. डिसेंबर १७३३ मध्ये सॅक्सनीच्या राज्यकर्त्याची पत्नी असलेल्या पोलंडच्या राणीच्या वाढदिवसासाठी त्यानं एक कांटाटा, म्हणजे वाद्यवृंदासह गायची रचना, केली. त्याचे शब्द होते 'वाजा नगाऱ्यांनो, निनादा तुताऱ्यांनो'. म्हणून आधी नगारा आणि म्हणून गळ्यांनीही नगाऱ्यासारखंच वाजायचं. वर्षभरानं त्याच चालीवर 'जयघोष करा, आनंद करा' हे शब्द बसवले. बाखच्या हस्तलिखितात तर आधी सवयीनं जुनेच शब्द लिहिले गेलेत आणि मग ते खोडून नवे घातलेत.

मैलापूर | २० डिसेंबर, दुपारी ४:१०

चेन्नईत सध्या मार्गळीचा, म्हणजे मार्गशीर्षातल्या कर्नाटक संगीताच्या मैफलींचा, हंगाम चालू आहे, त्यामुळे माझे कान पूर्ण गुंतलेले. पण धाग्याशी नातं असलेली एक गोष्ट सांगते. इथला डिसेंबरचा सगळा संगीतोत्सव नाताळच्या सुट्टीशी बांधलेला आहे. १९२७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याला जोडून संगीत परिषद भरली आणि त्यातून पुढच्या वर्षी म्युझिक अकादमी उभी राहिली. मी पहिला आणि शेवटचा भाग ऐकेन. वाचत राहीन.

भुईकोट | २१ डिसेंबर, सकाळी ९:२०

मी नगरचा मराठी ख्रिस्ती. आमच्या चर्चमध्ये नाताळला पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची पदं होतात, मी पेटीवर असतो. बाख कधी नीट बसून ऐकलेला नाही. पण काळी चार यांनी कीर्तनाचं लिहिलंय ते मनाला भिडलं. टिळकांनी ख्रिस्ताची कथा अभंग-कीर्तनात आणली ती याच कारणानं, की लोकांना चाल आधीपासून ठाऊक असावी. येतो मी.

काळी चार | २५ डिसेंबर, सकाळी ८:०५

झालं ऐकून. आई सोबत बसली होती, शाल लपेटून. पाच दिवस गाणं ऐकलं नव्हतं, मोबाइलची धूनसुद्धा बंद ठेवली होती. टिंपनी वाजली, त्यावर बासऱ्या थरथरल्या, पुन्हा टिंपनी, मग सनईच्या जातीचे ओबो, आणि व्हायोलिनं वरून खाली धावत आली तशी आई म्हणाली, "अगं, हा तर चौघडा!" देवळाचं दार उघडायच्या वेळचा चौघडा. मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं.

मांडवीकाठ | २५ डिसेंबर, सकाळी ११:४०

पणजीहून. काल मध्यरात्रीच्या मिसेवरून परतलेल्या शेजारच्या काकांना सकाळी घरी बोलावलं. ते लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गाणं, शिकले आणि पुढे मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचे. गोव्यातून अशी कितीतरी माणसं तिथे गेली. पुरुष-आवाजातलं जे भारदस्त पद आहे, 'थोर प्रभू, बलवान राजा' असं, त्यातलं ट्रम्पेट ऐकताना त्यांची उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर आपोआप हलत होती. मग थांबली. म्हणाले, "ह्या जुन्या ट्रम्पेटाक बटनांच नात." खरंच, बाखच्या काळी ट्रम्पेट म्हणजे नुसती वळवलेली लांब नळी. सगळे सूर ओठांच्या ताणानं आणि श्वासानं काढायचे.

त्यावरून वाचलेलं आठवलं. बाखचा लायप्झिगमधला मोठा ट्रम्पेटवादक गॉटफ्रीड राइखं. ५ ऑक्टोबर १७३४ ला राजाच्या निवडीच्या वर्षपूर्तीला चौकात रात्री मशालींच्या उजेडात बाखचंच संगीत झालं. दुसऱ्या दिवशी राइखं रस्त्यात कोसळून गेला. वाजवण्याचा ताण आणि मशालींचा धूर बाधला असं तेव्हाच्या नोंदीत आहे. म्हणजे हा ओराटोरिओ पहिल्यांदा वाजला तेव्हा तो जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. काकांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, परत लाव.

काळी चार | २६ डिसेंबर, रात्री ९:५०

आजचा भाग रात्री ऐकला, कारण हा मेंढपाळांचा रात्रीचा प्रसंग आहे. (मूळ वेळ सकाळची, मला माहीत आहे. एवढी मोकळीक घेतली.)

सुरुवातीला नुसतं वाद्यसंगीत आहे. हलतं, डुलतं. एकीकडे बासऱ्या आणि व्हायोलिनं, दुसरीकडे चार ओबो. देवदूत आणि मेंढपाळ आळीपाळीनं बोलताहेत असं मानतात. ओबोंचा घोळका वाजायला लागला की मला सनईचा भास होतो, मुख्य सनईमागे एकजण नुसता सूर धरून बसलेला असतो ना, तसा. इटलीत नाताळच्या दिवसांत खरे मेंढपाळ डोंगरातून उतरून रोमच्या रस्त्यांवर पावे वाजवायचे, त्यात असाच एक सूर धरलेला असायचा. हँडेलनंही 'मसीहा'मध्ये तीच नक्कल केलीय.

आणि मग अंगाई. 'निज, माझ्या लाडक्या.' आल्टोचा आवाज, त्याच्या बरोबर वरच्या सप्तकात तीच चाल धरून चालणारी बासरी, आणि खाली एकाच सुरावर झुलणारा खर्ज. 'निज' या शब्दावर गाणारी सूर लांबवते आणि भोवतीची सगळी वाद्यं हलत राहतात. पाळणा हलतो, आई हलत नाही. दोनदा ऐकली.

बर्फाळ | २६ डिसेंबर, रात्री ११:०५

वही पिशवीतून काढली. स्वयंपाकघरात उभी राहून अंगाई पूर्ण गायले. इतकंच सांगायचं होतं.

विलंबित | २७ डिसेंबर, दुपारी १२:१५

तिन्ही भाग वेळच्या वेळी ऐकले, फार आनंद होतोय. पण एक शंका मनापासून विचारतो. काल त्या अंगाईबद्दल वाचत होतो. ती पण जुन्या कांटाटातून आलेली आहे. १७३३ साली राजपुत्राच्या वाढदिवसाला केलेलं हर्क्युलिसचं कथानक, तो सद्गुण आणि सुखविलास यांच्यामध्ये उभा आहे आणि ही चाल सुखविलासाच्या तोंडी आहे! त्याला भुलवण्यासाठी, 'निज, आराम कर' म्हणून. तीच चाल पट्टी बदलून येशूच्या पाळण्यापाशी. राणीच्या वाढदिवसाचा नगारा चर्चमध्ये, मोहिनीची अंगाई गोठ्यात. मग 'ज्याचा त्याचा दिवस' हे तत्त्व कुठे राहिलं? बाखनं स्वतःच सूर दिवसापासून सोडवून घेतलेत. कर्नाटक संगीतातही वेळेचं बंधन आपल्याइतकं पाळत नाहीत.

मैलापूर | २७ डिसेंबर, दुपारी २:००

शेवटच्या वाक्याला दुजोरा. इथे परवा संध्याकाळी ऐकलेला पहाटेचा भूपाळम कुणाला खटकला नाही.

काळी चार | २७ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

विलंबित, दुपारभर हाच विचार करतेय.

तुमचं म्हणणं खरं आहे: सुरांना स्वतःचा जन्मजात दिवस नसतो. आपल्याकडे तरी काय? 'स्वयंवर' नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांनी रागदारी चिजांवरून बांधल्या. कुठल्याशा सासू-नणंदेची तक्रार करणाऱ्या चिजेच्या जागी रुक्मिणीचे शब्द आले आणि आता ती चाल कानावर पडली की रुक्मिणीच आठवते. कुणाला वाटत नाही की ती उसनी आहे.

पण त्यातूनच मला उलटं दिसतं. राणीचा वाढदिवस एकदा झाला आणि संपला. तो कांटाटा पुन्हा कुणासाठी वाजवणार? बाखनं ते सूर उचलून अशा दिवसावर ठेवले जो दरवर्षी परत येतो. दिवस सुरांना चिकटलेला नव्हता, त्यानं चिकटवला. फार विचारपूर्वक. आणि आपण तो दिवस पाळतो तेव्हा त्याचं ते काम पुरं होतं असं मला वाटतं. नाहीतर काय होतं तेही झालेलं आहे: बाखच्या पश्चात हे सगळं कपाटात पडून राहिलं आणि बर्लिनच्या झिंग-अकादमीनं पुन्हा सादर केलं ते थेट १८५७ साली.

अंगाईबद्दल मात्र तुम्ही मला काहीतरी दिलंत. त्या चालीत थोडी भूल आहेच, ती आधी जाणवली होती पण नाव सापडत नव्हतं.

विलंबित | २७ डिसेंबर, रात्री १०:२०

'दिवस चिकटवला' हे पटलं. पूर्ण नाही, पण पटलं.

काळी चार | १ जानेवारी २०२२, सकाळी १०:१५

नव्या वर्षाच्या शुभेच्छा सगळ्यांना. आजच्या भागात निवेदकाला सांगायला एकच वाक्य आहे: आठवा दिवस आला आणि बाळाचं नाव येशू ठेवलं. म्हणजे आज बारसं! आईला सांगितल्यावर ती सावरून बसली. ट्रम्पेट नाहीत, टिंपनी नाही, दोन हॉर्न आहेत आणि सगळा रंग उबदार, घरातल्या समारंभासारखा.

यात एक प्रतिध्वनीचं पद आहे. सोप्रानो येशूला विचारते, तुझ्या नावाची मला भीती वाटावी का? लांबून दुसरा आवाज उत्तर देतो, 'नाइन', नाही. मग, मी आनंद करू का? 'या', हो. ओबोलाही स्वतःचा प्रतिध्वनी आहे. रिख्टरच्या मुद्रणात तो दुसरा आवाज खरंच दूर, भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटतो. बाळाच्या कानात नाव सांगताना आपण आवाज असाच बारीक करतो.

हाच तो भाग जो लहानपणी मला पडेल वाटायचा.

मांडवीकाठ | २ जानेवारी, रात्री ८:३०

पाचवा भाग माझ्यापर्यंत पोचला नाही. ट्रम्पेट नाही, हॉर्न नाही. काकाही आले नाहीत आज.

बर्फाळ | २ जानेवारी, रात्री ९:४५

मांडवीकाठ, त्यातलं फक्त तिघांचं पद पुन्हा ऐकाल? सोप्रानो आणि टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, सारखे विचारत राहतात, ती वेळ कधी येणार, कधी येणार? एकाच्या तोंडचा प्रश्न दुसरा उचलतो, गुंता वाढत जातो. आणि मधूनच आल्टो त्यांना अडवते: गप्प राहा, तो आलेलाच आहे. आधी तुटक, दोन-तीन शब्दांत. तरी ते थांबत नाहीत. सरावात आमचे संचालक नेहमी म्हणतात की ही मरिया आहे, कडेवर बाळ घेतलेली, आणि समोर दोन माणसं बाळाकडे न बघता भांडताहेत. आमच्या यंदाच्या कार्यक्रमात हा भाग नव्हताच, तरी एकदा सगळ्यांना वाजवून दाखवला होता त्यांनी.

मांडवीकाठ | ३ जानेवारी, सकाळी ७:५०

ऐकलं. आता समजलं. आभार.

भुईकोट | ६ जानेवारी, रात्री ९:१०

इतके दिवस नुसता वाचत-ऐकत होतो. आज लिहितो.

शेवटचं पद सुरू झालं. ट्रम्पेट, टिंपनी, सगळा थाट. आणि त्या थाटाच्या मधोमध वृंदानं जी कोराल धरली ती ऐकून मी उठून उभाच राहिलो. ही चाल मला येते. पुण्यात शिकायला होतो तेव्हा गुड फ्रायडेच्या इंग्रजी उपासनेत दरवर्षी गायचो, काट्यांचा मुकुट घातलेल्या, रक्तानं माखलेल्या मस्तकाचं ते स्तोत्र. जन्मसोहळ्याच्या शेवटच्या दिवशी वधस्तंभाची चाल, तीसुद्धा तुताऱ्यांसकट!

मग मागे जाऊन पहिला भाग पुन्हा लावला. तिथेही आहे! पहिल्या दिवसाची पहिलीच कोराल, 'तुझं स्वागत मी कसं करू', तीच चाल. तेव्हा शांत, फक्त गळे आणि साथीची वाद्यं. २५ तारखेला ती माझ्या कानावरून निघून गेली होती.

पेटी काढली. काळी पट्टी एकही लागत नाही, पांढरी तीनपासून सुरू केली की सगळी चाल पांढऱ्या पट्ट्यांवर बसते. पहिली ओळ: सा म ग रे सा नि सा. चाल थांबतेही पांढरी तीनवर, म्हणून तिलाच सा मानला. मग रिषभ कोमल, गंधार कोमल, धैवत कोमल, निषाद कोमल. ही भैरवीची सुरावट झाली. राग भैरवी म्हणत नाही मी, पण सूर तेच. चाल हान्स लिओ हासलरची, १६०१ सालची, आणि मुळात प्रेमगीताची.

विलंबित | ६ जानेवारी, रात्री ९:३२

मैफलीच्या शेवटी भैरवी!

काळी चार | ६ जानेवारी, रात्री ९:५५

भुईकोट, मी हे चाळीस वर्षं ऐकतेय आणि ही गोष्ट मला आज तुमच्यामुळे कळली. दोन्ही कोराल एकामागोमाग लावून बघितल्या. चाल सुरासुराला तीच. पहिल्या दिवशी खालची साथ अशी आहे की शेवट प्रश्नासारखा अधांतरी राहतो, आणि आज त्याच शेवटच्या सुराखाली डी मेजरचा भरघोस, उजळ स्वरमेळ. बारा दिवसांपूर्वीचा प्रश्न डोक्यात असल्याशिवाय हे कळूच शकत नाही.

आईला तुमची सरगम म्हणून दाखवली. ती पुढची ओळ विचारतेय.

भुईकोट | ६ जानेवारी, रात्री १०:२०

रविवारी उपासना संपली की चर्चची मोठी पेटी मोकळी असते. तिच्यावर पूर्ण चाल वाजवून इथे टाकतो, पांढरी तीनमध्येच. आईंना सांगा, पट्टी जड वाटली तर काळी चारमध्येही वाजवून देईन.